हुस्नाबीच्या नावाचा लघुग्रह

“अब्बा, तो फ्लेक्स उतरवाले सांगा. आजच्या आज.”

अब्रारने ट्रकचा रेडिएटर पाण्याच्या टाकीत दाबून धरला होता. त्याने मान वर केली नाही. लेक लाजत असेल, असं त्याला वाटलं. पांढरकवड्याच्या हायवेवर, त्याच्या दुकानासमोरच उमेराचा फोटो टांगला होता. तिच्याहून मोठा फोटो शेजारच्या टायरवाल्या प्रेमसिंगचा होता, कारण फ्लेक्स त्याने दिला होता. वर ‘पांढरकवड्याच्या कन्येची गगनभरारी’, खाली हात जोडलेले आठ-दहा शुभेच्छुक. दुपारी व्यापारी मंडळातर्फे तिचा सत्कार होता.

“तो लघुग्रह नवा नाई, अब्बा,” उमेरा म्हणाली. “सरांचा फोन आलता. काही वर्षांआधीच कोणाले तरी दिसला होता, मंग हरवला. आता त्यायचा आन् आपला एकच निंघाला. कक्षा जुळली.”

अब्रारचा हात सैल पडला. रेडिएटर तिरपा होऊन वर आला.

उमेरा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या कॉलेजात दुर्बिणीतून टिपलेली चित्रं यायची, आकाशाच्या एकाच तुकड्याची, थोड्या थोड्या वेळाने घेतलेली. ती एकामागून एक लावून पाहायची. तारे जागचे हलत नाहीत. एखादा ठिपका सरळ रेषेत सरकला, तर तो लघुग्रह असू शकतो. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये अशा दगडांचा मोठा पट्टा आहे, लाखो आहेत तिथे. उमेराला असाच एक ठिपका सापडला. प्राथमिक नोंद झाली. तेव्हाच तिने घरी बजावलं होतं, “अजून पक्कं नाई. थांबा. पक्कं व्हायले लई वर्षं लागतेत.”

आता थांबणं ही अब्रारच्याच धंद्यातली गोष्ट. रेडिएटरची तोंडं बंद करून हवा भरायची, पाण्यात बुडवायचा, आणि बुडबुडे निघतील तिथलं भोक झाळून बंद करायचं. पण जाळीत अडकलेली हवा सुरुवातीला उगाच फुसफुसते. पहिल्या बुडबुड्यावर खूण करणाऱ्या कारागिराला अब्रार दुकानातून हाकलून देई. आणि हाच गृहस्थ लेकीच्या ठिपक्याच्या बाबतीत संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबला नाही. त्याने प्रेमसिंगला सांगितलं, प्रेमसिंगने गावाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बातमीवाल्याने विचारलं, “शोधणाऱ्याला नाव सुचवता येतं म्हणे. काय ठेवणार?”

अब्रारच्या तोंडून निघून गेलं, “हुस्नाबी.”

हुस्नाबी त्याची बायको. जाऊन चार वर्षं झाली होती. याच टाकीपाशी, रेडिएटरची दुसरी बाजू धरून तिचा जन्म गेला. ते नाव उच्चारताना अब्रारला इतकं बरं वाटलं की त्याने त्याच पावली वणीला सासूला फोन लावला. तुमच्या मुलीचं नाव आसमानात लागणार, म्हणाला. म्हातारीने सगळ्या मोहल्ल्यात सांगितलं. आज ती सत्कारासाठी बसने निघालीसुद्धा होती.

“पण हे वाईट नाई ना, अब्बा,” उमेरा समजावत होती. तिचे डोळे चमकत होते. “हरवेल होता तो. आपल्यामुळं त्याचा रस्ता पक्का झाला.”

“दुसऱ्याचा दगड शोधून कोणतं मोठं नाव काढलं तूनं?” अब्रार ओरडला. “आता लोकायले कोणतं तोंड दाखवू मी?”

बाकावर बसलेल्या ट्रक ड्रायव्हरने मोबाइलमधून डोकं वर काढलं. उमेरा घरी निघून गेली. अब्रारला तिला हाक मारायची होती, पण ड्रायव्हर पाहत होता.

तो प्रेमसिंगकडे गेला. प्रेमसिंगने सगळं ऐकून घेतलं आणि हात झटकले. “अब्रारभाई, शाली आनल्या, हार आनले, नागपूरहून पाहुणे निंघाले. आता काय सांगू त्यायले? तुमी चूप राहा. कोण वर जाऊन पाहून राह्यलं?”

अब्रार चूप राहिला. चूप राहायला सांगणारा कोणीतरी भेटला, याचं त्याला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं, याची लगेच लाजही वाटली.

दुपारी सभागृहात सासू पहिल्या रांगेत, त्याच्या शेजारी बसली होती. इस्त्रीची पांढरी ओढणी, अंगाला अत्तराचा वास. पाहुण्यांनी मोठी मोठी भाषणं केली. उमेराला शाल मिळाली, नारळ मिळाला आणि मग माईक मिळाला.

“हा लघुग्रह पहिलेच सापडेल होता,” ती म्हणाली. “नवा म्हणून बातमी गेली, ते चुकलं. घाई माझ्याकडून झाली. माफ करा.”

अब्रारचे कान तापले. खुर्चीच्या फटीतून खाली जाता आलं असतं तर तो गेला असता.

सासू त्याच्याकडे वळली. “तिनं कायची घाई केली? मले फोन तं तूनं केलता.”

आवाज मागच्या दोन रांगांना ऐकू गेला. अब्रार उठला. तो स्टेजवर गेला. माईक हातात घेताना त्याने लेकीकडे पाहिलं नाही.

“पोट्टी मले वाचवून राह्यली,” तो म्हणाला. “तिनं थांबा म्हणलं होतं. मी नाई थांबलो. नाव पण मीच सांगतलं, तिच्या मायचं. सकाळी तिनं खरं सांगतलं, तं तिच्यावरच ओरडलो.”

कोणीतरी टाळी वाजवली आणि प्रत्येक भाषणानंतर वाजवतात तशा सगळ्यांनी वाजवल्या. प्रेमसिंगने एक शाल उरली होती, ती अब्रारच्या खांद्यावर टाकली. ती तशीच घेऊन तो खाली उतरला.

संध्याकाळी तो आणि उमेरा सासूला बसस्टँडवर सोडायला गेले. उमेरा पाण्याची बाटली आणायला गेली.

“मोहल्ल्यात विचारतीन, अम्मी,” अब्रार म्हणाला. “माहं नाव सांगा. दामादानं फेकलं म्हना.”

“कायले म्हनू? कार्यक्रम चांगला झाला, म्हनते.” तिने पिशवी मांडीवर घेतली. “एक सांगू, बेटा? तुह्या घरी मी किती डाव राह्यली. ‘अगं’ म्हने तू माह्या पोरीले, नाई तं ‘उमेराची माँ’. एक डाव बी तिचं नाव घेऊन हाक मारली नाई. मले तवा वाटे, एखाद्या डावी तरी मारावी. इतकं चांगलं नाव ठेवलं होतं आम्ही.”

ती रागावलेली नव्हती. वणीची बस लागली. त्याने तिला हाताला धरून चढवलं, पिशवी दिली. उमेराने खिडकीतून बाटली दिली.

बस गेली. उमेरा म्हणाली, “चला, अब्बा.”

तो हलला नाही. कधीतरी, एकदा तरी, घाईत, रागात, आजारपणात आपण बायकोला त्या नावाने हाक मारली असेल, म्हणून तो आठवत उभा होता.