आग्नेय कोपरा

वैशालीने बुटाने माती उडवली आणि ती जागच्या जागी थबकली. सांडपाण्याचे पाइप जमिनीतून वर आले होते ते नेमके नको त्या कोपऱ्यात. काँक्रीटची गाडी फाटकाशी घरघरत उभी होती. एकदा ते ओतलं की स्वयंपाकघर इथेच, शेजाऱ्याच्या भिंतीकडे तोंड करून, कायमचं बसणार होतं.

"सर, हे कुणी बदललं?"

तिचा बॉस सतीश हेल्मेट सारखं करत हसला.

"तू सुट्टीवर होतीस ना, तेव्हा थोडं ॲडजस्ट केलं. किचन आग्नेयेला घेतलं. ईशान्य मोकळी झाली, तिथे त्यांना प्रेयर रूम दिली. एकदम फिट!"

वैशालीच्या अंगाचा तिळपापड झाला. मस्कतजवळच्या अल खौदमधलं हे घर तिने एकटीने आखलं होतं. मालक मजीद, पण घर खरं त्याच्या आईचं, सफूराचं. गुडघ्यांनी दगा दिलेली ती बाई दिवसभर चुलीपाशीच बसायची. तिथून वादीचं, म्हणजे पावसाळी ओढ्याचं, कोरडं पात्र दिसावं आणि फाटकातून कोण आलं तेही कळावं, एवढंच तिचं मागणं. त्या एका खिडकीसाठी वैशालीने बाकीच्या खोल्या चार वेळा हलवल्या होत्या. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तिच्या आईने जागा मिळेल तिथे शेगडी मांडली, दिशा विचारत कुणी बसलं नाही. आणि हा शहाणा मस्कतला येऊन ओमानी माणसाच्या घरात देवघराचा कोपरा शोधत होता!

"वास्तुशास्त्र त्यांनी मागितलं होतं?"

"मागायचं काय त्यात? सवयीने हात जातो, अगं. आणि मजीदने सही केलीये."

"त्याला नकाशा वाचता येतो का?"

"हळू बोल. क्लायंट आलाय."

मजीद आईला गाडीतून उतरवत होता. सफूरा काठी टेकत सरळ वादीकडच्या कोपऱ्यात गेली आणि बाहेर बघत उभी राहिली. तिचं लहानपण मत्रहच्या बाजारातल्या भारतीय व्यापाऱ्यांच्या दुकानांत गेलेलं, त्यामुळे हिंदी तिला चांगलं यायचं, मजीदलाही कळायचं.

"चूल्हा किधर?"

सतीशने लांबचा कोपरा दाखवला. "उधर, अम्मा. नया डिझाइन है, बहुत अच्छा. यहाँ आपका नमाज का कमरा."

"नमाज मैं अपने कमरे में पढ़ती हूँ," सफूरा म्हणाली.

मजीदने घड्याळ पाहिलं. ऑफिसने विचार करूनच बदललं असेल, असं तो आईला अरबीत समजावू लागला आणि काँक्रीट सुरू करायला त्याने मुकादमाला हात केला. "यल्ला!"

सतीशचे वाभाडे काढावेत असं वैशालीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने तोंड उघडलं असतं तर त्याने शब्दांचा कीस पाडला असता, आणि तोवर सगळे पाइप काँक्रीटखाली गेले असते. चूक झाली म्हटलं तरच काम थांबणार होतं. आणि सतीश जन्मात तसं म्हणणार नव्हता.

"रुको!" ती ओरडली. "ये डिझाइन नहीं है, गलती है. मेरी गलती. मैंने गलत नकाशा भेजा."

मुकादम थांबला. मजीद मात्र भडकला. गाडी परत पाठवायची, पाइप उखडायचे, आठवडा वाया, हा सगळा राग त्याने तिच्यावर काढला. सतीशचं तोंड आधी उघडलं, मग लगेच मिटलं.

"सॉरी सर," तो म्हणाला. "नई लड़की है. मैं देख लेता हूँ."

सहा वर्षं त्याच्याच हाताखाली काढलेल्या वैशालीने दात आवळले. हातातली नकाशाची गुंडाळी तिने इतकी घट्ट धरली की कागद मधोमध चेपला. त्या क्षणी त्याच्या कानाखाली आवाज काढावा, एवढंच तिला वाटत होतं.

गाडी वळून गेली. मजीद फोन करायला बाजूला झाला तेव्हा सफूरा काठी टेकत तिच्याजवळ आली आणि तिने वैशालीचं मनगट धरलं.

"बेटी, अपनी गलती पर कोई इतना गुस्सा नहीं करता."

बोलताना तिची नजर सतीशवर होती.

"काय म्हणतायत गं?" सतीशने तिकडूनच विचारलं.

"तुम्हीच विचारा. हिंदी येतं त्यांना."

सतीशने खिशातून मोबाइल काढला आणि, कुणाचा फोन आलेला नसतानाही, तो कानाला लावून आपल्या गाडीकडे चालू लागला.