शंभूचा उजवा डोळा

ईश्वरप्पाला जनावर कळतं, हे देवणीच्या बाजारातलं शेंबडं पोरही सांगेल. खोंड घ्यायचा असला की लोक आधी त्याला चहा पाजायचे आणि मग दात बघायला न्यायचे. हा पठ्ठ्या दातांना हात लावायच्या आधी नुसत्या चालीवरून वय सांगायचा. असल्या माणसाला गर्व नसेल तर कुणाला असेल? होता, आणि चांगला पोतंभर होता.

शंभू त्याच्याच गोठ्यातला. अस्सल देवणी, अंग पांढरंफेक आणि तोंड काळं. वासरू असताना गावानं नाकं मुरडली होती, पायात पातळ हाय म्हणून. ईश्वरप्पा भर पारावर म्हणाला, "ह्यो पट मारंल. न्हाई मारला तर ईश्वरप्पाला बैलातलं काय कळत न्हाई म्हणा." शंभूनं बैलगाडीच्या शर्यतीचे लागोपाठ तीन शंकरपट मारले, आणि गावाची तोंडं बंद झाली.

गाडी हाकायला एकुलता एक लेक, वीरेश. पटात आता काठी चालत नाही, टोचायची तुतारी चालत नाही. सगळा खेळ दोन कासऱ्यांवर आणि तोंडाच्या हाळीवर. वीरेशचा हात असा हलका की बैलाला ओढ कळायची, पण वेसण काचायची नाही. ईश्वरप्पानंच शिकवलं होतं त्याला, अंगणात दोन खुंट्यांना कासरे बांधून.

दिवाळीनंतर शंभूच्या उजव्या डोळ्याला बाभळीचा काटा लागला. आठ दिवस डोळा गळला, मग बरा दिसायला लागला. दिसायला, बरं का! एका सकाळी ईश्वरप्पानं सहज पंजा डोळ्यापुढं नेला, तर पापणी लवली नाही. पुन्हा नेला. तिसऱ्यांदा अगदी पापणीच्या केसांपर्यंत नेला. शंभू आपला निवांत रवंथ करत होता. ईश्वरप्पानं गोठ्याच्या दाराकडं बघितलं, कुणी नाही अशी खात्री केली आणि हात मागं घेतला. त्यानंतर त्यानं तो डोळा कधी तपासला नाही.

सांगायचं की नाही रे बाबा! निदान पोटच्या पोराला तरी! पण पारावरचा शब्द आडवा आला. आणि त्यानं मनाशी हिशोब बसवला होता. शंभू नेहमी जुवाच्या डाव्या अंगाला पळायचा. उजव्या अंगाला जोडीदार नंद्या. म्हणजे आंधळा डोळा नंद्याकडं आणि चांगला डोळा बाहेर, माणसांकडं. नंद्याच्या खांद्याला खांदा लावून शंभू डोळे मिटूनही पळाला असता. दोन सराव झाले, कुणी काही म्हणालं नाही.

उदगीरच्या पटाच्या दिवशी टेम्पोतून उतरताना नंद्याचा खूर फळीत अडकला आणि तो लंगडायला लागला. वीरेशचा चेहरा पडला. तेवढ्यात अर्धापूरचा बालाजी पुढं आला. त्याची जोडी आधीच बाद झाली होती, पण एक बैल ताजा होता.

"माझा घ्या," बालाजी म्हणाला. "पण काका, माझा डाव्या अंगाचाच हाय. उजवीकडं जुपला की जागचा हलत न्हाई. तुमचा शंभू उजवीकडं चालंल ना?"

भोवती पंधरावीस माणसं. सगळी ईश्वरप्पाच्या तोंडाकडं बघत होती. वीरेशही बघत होता. "न्हाई" एवढाच शब्द होता, दोन अक्षरी. तो म्हटला असता तर लोकांनी "का?" विचारलं असतं, बस्स.

"हाव," ईश्वरप्पा म्हणाला. "शंभू कुठंबी पळतो."

वीरेशनं मान हलवली आणि गाडीवर चढला.

निम्म्या पट्टीपर्यंत जोडी वाऱ्यासारखी गेली. तिथं उजव्या कडेला हलगी कडाडली आणि माणसं ओरडली. शंभूला आवाज आला, पण त्या अंगाला नुसता काळोख. आवाज कशाचा ते डाव्या डोळ्यानं बघायला त्यानं धावता धावता मान उजवीकडं फिरवली. बैलाची मान जिकडं, अंग तिकडं. चाक कडेच्या खांबाला धडकलं, गाडी उलटली आणि वीरेश खाली आला. तो पुन्हा उठला नाही.

लिंगायतांच्या रीतीनं त्याला विभूती लावून, बसवून माती दिली. तिसऱ्या दिवशी अंगण भेटायला आलेल्या माणसांनी भरलं होतं. बालाजीही अर्धापूरहून आला होता. आणि माणसं म्हणजे काय, मेलेल्याच्या अंगणात बसून मेलेल्याचंच माप काढतात. उजवा कासरा जास्त ओढला म्हणे. हात कच्चा होता म्हणे. एक जण तर म्हणाला, बापाची सर पोराला न्हाई. ईश्वरप्पा आतल्या खोलीत भिंतीला टेकून हे सगळं ऐकत होता.

वर्षाराणी, त्याची सून, आत आली. तीन दिवसांत तिचा चेहरा ओळखू येईना झाला होता.

"अप्पा, बाहेर लोक म्हणायलेत, ह्यांचा हात चुकला. तुमीच शिकवलं त्यांना. चुकला का हात?"

ईश्वरप्पानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"त्या दिशी निघताना मला म्हणले, शंभू उजवीकडून जरा कचरतोय. मी म्हणलं, मग जाऊ नका. तर हसले. म्हणले, अप्पा हायत की तिथं. डोळ्यात काय असतं तर अप्पांनी शंभूला जुपूच दिलं नसतं."

ईश्वरप्पाला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं. पण जमीन कसली फाटते! भिंत धरून तो उठला आणि उंबऱ्याबाहेर आला. बोलणं थांबलं.

"वीरेशचा हात चुकला न्हाई," तो म्हणाला. "शंभू उजव्या डोळ्यानं आंधळा हाय. मला म्हाईत होतं. दोन महिन्यांपासून म्हाईत होतं."

बालाजी उभा राहिला. "काका, मी तुमाला इचारलं होतं."

"हाव. इचारलं होतंस."

वर्षाराणी सासऱ्याच्या मागं दारात येऊन उभी होती. तिनं डोळे पुसले नाहीत, आवाजही चढवला नाही.

"पुन्हा एकदा सांगा, अप्पा," ती म्हणाली. "तिकडं कडंला बसलेल्यांना ऐकू आलं न्हाई."

ईश्वरप्पानं पुन्हा सांगितलं.