पाचाची मर्यादा

आईच्या डोळ्यांवरची पट्टी सोडायला नर्स आत आली आणि नेमका तेव्हाच त्याचा फोन थरथरला.

आईने चाचपडत त्याची बाही धरली. "आता कुठे जाऊ नकोस रे. डोळे उघडले की तू समोर हवास."

चार महिने तिला नीट काही दिसले नव्हते. आठवडाभर तिचे हेच पालुपद चालले होते. त्याने फोन कानाला लावला. ऑफिसातली सहकारी दबक्या आवाजात सांगत होती, की रक्ताच्या मागण्या वीस मिनिटांपासून खोळंबल्या आहेत. एका शस्त्रक्रियागृहातून दोनदा विचारणा झाली आहे. तिने काहीच बदलले नव्हते, शपथ.

बदलले कुणी, हे त्याला ठाऊक होते.

रक्तपेढ्यांची ती यंत्रणा सहा वर्षे त्याच्याच गळ्यात होती. मागणी आली की क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांत, एक कंटेनर, त्या मागणीपुरता छोटा प्रोग्राम, उभा राही, जवळचा साठा शोधून निरोप धाडी आणि काम संपताच नाहीसा होई. काम फसले तर पाचदा पुन्हा प्रयत्न. तरीही न जमल्यास ती मागणी बाजूला पडे आणि त्याचा फोन वाजे. पहिल्या आठवड्यात 'तात्पुरता' म्हणून दिलेला नंबर तिथेच राहिला होता. साहेबांकडे त्याने तीनदा विषय काढला. तुझ्याइतके दुसऱ्या कुणाला कळते, असे म्हणून त्यांनी तीनदा चहा मागवला.

म्हणून काल त्याने पाचाची मर्यादाच काढून टाकली. आईची पट्टी सुटण्याच्या एका दिवसापुरती. फसलेल्या मागण्या फिरत राहतील, फोन तेवढा वाजणार नाही. आज सकाळी एका रुग्णालयाने रक्तगटाचा रकाना रिकामा ठेवून दोनशे मागण्या पाठवल्या. त्या थांबेनात. प्रत्येक खेपेला नवे कंटेनर उभे राहिले आणि खऱ्या मागण्यांना क्लस्टरमध्ये जागाच उरली नाही.

"मी करू का दादा? सांगा फक्त," सहकारी फोनवरून म्हणाली.

"तुला अधिकार नाहीत गं तिथे."

त्याने बाही हलकेच सोडवून घेतली. दाराबाहेरच्या खिडकीच्या कट्ट्यावर लॅपटॉप ठेवून, वाकून त्याने मर्यादा पुन्हा पाचावर आणली. रिकाम्या मागण्या एकेक करून बाजूला पडल्या आणि पडता पडता त्याच्या फोनवर वाजू लागल्या. खोळंबलेल्या मागण्या पुढे सरकल्या. शस्त्रक्रियागृहाला निरोप पोचल्याचे पाहूनच तो वळला.

नर्सला अजून चार खाटांवरच्या पट्ट्या सोडायच्या होत्या. आईची पट्टी सोडून ती केव्हाच निघून गेली होती. आई उशीला टेकून बसली होती. दार सताड उघडे होते.

"पाहिलं तुला," ती म्हणाली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. "आधी पाठच दिसली. किती वाकलास रे."

खिशात फोन वाजतच होता. त्याने खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर, जमेल तितका ताठ, बसला.