वरची चिमूट

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे, आणि त्या शेवटच्या साध्या दिवशी माझ्या ताटलीत भात होता.

माझी रचना साधी आहे. डोक्यावर स्टीलची ताटली, पोटात स्प्रिंग, समोर आकड्यांची तबकडी आणि तिच्यावर लाल सुई. पाठीला एक चकती आहे. ती फिरवून रिकाम्या ताटलीची सुई शून्यावर आणतात. त्या दिवशी सकाळी आईने इकडेतिकडे पाहून ती चकती किंचित मागे फिरवली. सुई शून्याच्या अलीकडे सरकली. आता कुणी भात मोजला असता, तर घासभर जास्तच पडला असता.

दुपारी लेक आली. तिने वाकून सुई पाहिली, चकती जागेवर आणली आणि भात मोजला.

“इन्स्पेक्टर, झाली का तपासणी?” टेबलापाशी बसलेल्या आईने विचारलं.

“झाली. ये जेवायला.”

“एवढ्याशा भाताला जेवायला ये म्हणतात होय? चाखायला ये म्हण!”

लेक हसली नाही. ती फार दमली होती. आई जेवली. मग रोजच्यासारखं तिने मला ओल्या फडक्याने पुसलं, कोरडं केलं आणि खिडकीशेजारी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मला पुसायला कोणी आलं नाही. आई झोपेतच गेली होती. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

मित्रांनो, माझे दिवस नेहमीच असे उदास नव्हते. मी कारखान्यात जन्मलो आणि एका दुकानाच्या फळीवरून थेट आईच्या हाती आलो. ती घरीच केक करून विकायची. पहाटेपासून माझ्या ताटलीत मैदा, साखर, लोणी यांची रांग लागायची. मला बिस्किटांची खोकी मोजायला फार आवडायचं. गिऱ्हाईक समोर उभं असायचं, सुई बरोबर आकड्यावर थांबायची, आणि आई म्हणायची, “माझा काटा खोटं बोलत नाही हं!” माझी स्प्रिंग अभिमानाने ताठ व्हायची. मग ती एक बिस्किट उचलून वर ठेवायची. सुई पुढे जायची. गिऱ्हाईक गोंधळून बघायचं.

“हे काट्याचं नाही,” आई सांगायची, “हे माझं.”

मैद्यातही तेच. मोजून झालं की चिमूटभर वरून पडायचंच. छोटी लेक विचारायची, “मग मोजतेस तरी कशाला?” आई म्हणायची, “मोजल्याशिवाय वरचं कुठलं ते कळणार कसं?”

पुढे आईला मधुमेह निघाला. केक बंद झाले. मी कपाटात गेलो आणि घरात सल्ल्यांचा सुकाळ झाला. आईची धाकटी बहीण दारातूनच ओरडायची, “ताई, भात नि पाव सोड. नुसतं मांस, अंडी, लोणी! माझी शेजारीण बघ, काडी झालीय.” परगावचा मुलगा फोनवर सांगायचा, “आई, दिवसातून एकदाच खा. आमच्या ऑफिसात सगळे तेच करतात.” लेक वाचनवेडी. ती पुस्तकांवर पुस्तकं आणायची, एकातलं दुसऱ्याशी ताडून बघायची आणि जास्तच गोंधळायची.

“एक ना धड, भाराभर चिंध्या!” आई म्हणायची. “काल लोणी वैरी होतं, आज सोयरं झालं. उद्या पाण्याचं काय ठरतंय, तेवढं आधी कळवा.”

शेवटी मुलाचं मन राखायला तिने सकाळचं खाणं सोडलं. गोळ्या मात्र पूर्वीच्याच चालू होत्या. एका सकाळी ती मला कपाटातून काढत होती. कुणाच्या तरी वाढदिवसासाठी लपून छोटा केक करायचा बेत होता. तिला दरदरून घाम फुटला, हात कापले आणि ती खाली कोसळली. मीही कोसळलो. माझ्या ताटलीची कड वाकली, ती आजही वाकडी आहे. लेक धावत आली. तिने आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओठांना साखरेचं पाणी लावलं. तिचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

डॉक्टर रागावले. “उपाशीपोटी गोळ्या घेतल्या, म्हणून साखर एकदम उतरली. गोळ्या तुमच्या आणि डाएट भलत्याचंच! दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून कुणी रस्ता ओलांडतं का?” आहारतज्ज्ञ बाईंनी काही विशेष सांगितलं नाही. सगळं खा, वेळेवर खा, मोजून खा, आणि काही बदलायचं तर आधी विचारा. एवढंच.

मग मी पुन्हा ओट्यावर आलो. लेक डोळ्यांत तेल घालून मोजू लागली. भात, बटाटा, सफरचंदाची फोड. एकदा ती तपासणीचा कागद नाचवत आली, “आई, साखर आटोक्यात!”

“तुझ्या तोंडात साखर पडो!” आई म्हणाली आणि घाईने पुढे जोडलं, “माझ्या नको हो, तुझ्याच!”

दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. तरी दुसऱ्या सकाळी चकती मागे फिरलेली होतीच. दुपारी ती पुन्हा पुढे आली. आई फिरवायची, लेक सरळ करायची. दोघींपैकी कुणी ताकास तूर लागू दिली नाही. आईला घास हवा होता, लेकीला आई हवी होती. मधल्यामध्ये माझी स्प्रिंग थकून गेली.

आई गेल्यावर माझ्यावर धूळ बसली. लेक आत यायची, उभ्यानेच काहीतरी खायची आणि माझ्याकडे पाठ करायची. मित्रांनो, एका काट्याचं ऐका. तुमच्या घरी कुणी आजारी असेल, तर जरूर मोजा. ऐकीव उपायांवर जीव टांगू नका. पण ज्याच्यासाठी मोजता, त्याच्याशी बोला. ते काम माझ्याकडून होत नाही.

आज दुपारी लेकीने फडकं ओलं केलं. मला पुसलं, कोरडं केलं, वाकडी कड बोटाने चाचपली. सुई शून्यावरच होती, तिने शेवटची आणून ठेवली होती तिथेच. तिने ताटलीत आईपुरता भात घातला. सुई ओळखीच्या आकड्यावर थांबली. मग तिने हाताने आणखी घासभर भात उचलला आणि वर ठेवला. सुई पुढे गेली. ती टेबलापाशी रिकाम्या खुर्चीकडे वळली.

“आई, चकती मला रोज दिसायची गं,” ती मोठ्याने म्हणाली. “हे काट्याचं नाही. हे माझं. घे, अजून घे.”