रिव्हर्सचा प्लग

"मेली जाते पुढे आणि बोंबलते मागे येतेय म्हणून!"

ताई हे पुटपुटल्या ते स्टिअरिंगकडे बघून. पण मी शेजारीच बसले होते, आणि मागच्या सीटवर सासूबाई. सासूबाईंना एरवी तीन हाका मारल्या तरी ऐकू जात नाही, पुटपुटलेलं मात्र अक्षर न् अक्षर कळतं.

"तुझ्यावरच गेलीय," त्या म्हणाल्या.

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. वय एकोणपन्नास, लग्न केलेलं नाही, आणि आमच्या भागातल्या निम्म्या बायकांना गाडी चालवायला त्यांनीच शिकवलंय. त्यांचा एकच नियम: हात हलवायच्या आधी तोंडाने बोलायचं. "आरसा बघितला. क्लच दाबला. पहिला टाकते." असं मोठ्याने म्हटल्याशिवाय त्या कुणाला गियरला हात लावू देत नाहीत. मला शिकवलं तेव्हा माझा आवाज बारीक येत होता, तर म्हणाल्या, "वहिनी, गाडी घाबरत नाही, तुम्ही कशाला घाबरता?"

तर त्या शिकवणीच्या गाडीला हा नवा रोग जडला होता. गियर कुठलाही टाका, मागचा पांढरा दिवा लागायचा आणि पी-पी सुरू. मागून येणारे लोक जागच्या जागी थांबायचे, मग शिव्या द्यायचे. शिकायला येणाऱ्या एक बाई तर भर चौकात गाडी बंद करून खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, हिला एकदा ठरवू द्या कुठे जायचंय, मग मी येते." शिकणाऱ्या चौघींची लायसन्सची परीक्षा पुढच्या आठवड्यात होती.

मग मिस्त्री आले.

दोन गल्ल्या सोडून त्यांचं गॅरेज. पन्नाशी ओलांडलेली, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टॉर्च. इंजिनाचा आवाज ऐकताना डोळे मिटायचे आणि मान हलवायचे, कुणी चांगलं गात असावं तशी. त्यांनी एअर फिल्टरचा डबा बाजूला काढला, खाली वाकून बघितलं आणि आम्हाला समजावून सांगितलं. गियरबॉक्सच्या अंगाला एक सेन्सर असतो. रिव्हर्स टाकला की त्यातली बारीक कळ दाबली जाते, मग दिवा लागतो, पी-पी वाजतं. ती कळ आत अडकून बसली होती.

"म्हणजे गाडीला वाटतंय आपण कायम मागेच चाललोय," मिस्त्री म्हणाले.

"असतात अशी माणसं," सासूबाई म्हणाल्या. आज त्या फारच फॉर्मात होत्या.

सेन्सर बदलायला चाळीस मिनिटं लागली. चहा प्यायला दोन तास. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणाऱ्यांचा ताई आणि मिस्त्री दोघांनाही सारखाच राग, हे निघालं बोलता बोलता. मग काय, एकेकाचा उद्धार सुरू झाला. मिस्त्रींनी कुणातरी डॉक्टरच्या जळक्या क्लच प्लेटची गोष्ट सांगितली आणि ताई हसल्या. मी स्वयंपाकघरात होते. मला वाटलं बाहेर कुणी पाहुणी आलीय. लग्न होऊन चोवीस वर्षं झाली मला या घरात, पण ताईंचं असं हसणं मी ऐकलेलं नव्हतं.

चौघी परीक्षा पास झाल्या. त्यानंतर आठ दिवसांनी गाडी बिघडली. या वेळी उलटं: रिव्हर्स टाकला तरी दिवा नाही, पी-पी नाही, मौनव्रत. मिस्त्री आले. सेन्सरच्या वायरचा प्लग निघाला होता. "निघतो कधी कधी," म्हणाले, बसवला, चहा प्यायले. दहा दिवसांनी परत निघाला. मग परत.

"सेन्सर नाजूक असतो," मिस्त्री सांगायचे.

"रस्तेही खराब आहेत," ताई म्हणायच्या.

चौथ्या खेपेला आमचे हे जेवताना म्हणाले, "हा माणूस काही धड काम करत नाही. माझ्या ऑफिसजवळ एक चांगला मेकॅनिक आहे, त्याला दाखवू."

आम्ही तिघी बायकांनी एकाच वेळी त्यांच्याकडे बघितलं.

"तू जेव," सासूबाई म्हणाल्या.

ताई-मिस्त्रींबद्दल बोलत मात्र कुणीच नव्हतं. याला कारण आहे. वीस वर्षांपूर्वी ताईंना एक चांगलं स्थळ आलं होतं. माणूस ताईंना आवडलाही होता. पण आम्ही घरातल्यांनी त्याचा इतका गाजावाजा केला, त्याला इतकं चिडवलं, इतके सल्ले दिले, की तो बिचारा बावरून गेला आणि ताई आक्रसून बसल्या. बोलून बोलून आम्ही ते घालवलं. तेव्हापासून या घरात सगळ्यावर बोलतात, बाजारावर, शेजाऱ्यांवर, माझ्या वजनावर. या एका गोष्टीवर नाही.

एका सकाळी मी कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात गेले. गाडीचं बॉनेट उघडं. एअर फिल्टरचा डबा शिस्तीत भिंतीशी ठेवलेला. ताई बाह्या दुमडून कोपरापर्यंत आत वाकलेल्या, आणि हातात माझं स्वयंपाकघरातलं फडकं. मी ओल्या कपड्यांची बादली घेऊन जशी आले तशी उलट्या पावली परतले. त्या दिवशी कपडे घरात, दोरी बांधून वाळवले.

त्याच आठवड्यात, मंगळवारी, चहा पिता पिता मिस्त्री म्हणाले, "धाकट्या भावाने मोठं गॅरेज घेतलंय. इथून सहा तासांवर. एकट्याला झेपत नाही म्हणतो. शनिवारी निघावं म्हणतोय. कायमचाच."

"चांगलं आहे," ताई म्हणाल्या आणि कप तोंडाला लावला. कप रिकामा होता. तरी त्या बराच वेळ पीत होत्या.

शुक्रवारी सकाळी गाडीचं परत मौनव्रत. मिस्त्री आले. बाकीची हत्यारं बांधून झाली होती म्हणे, हातात एकच छोटी पिशवी. ताई ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या, रिव्हर्स टाकून बघायला. सासूबाईंनी पायरीशी खुर्ची मागवून घेतली. मी बॉनेटपाशी टॉर्च धरून उभी.

मिस्त्रींनी प्लग हातात घेतला आणि माझ्यासमोर धरला. हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, हा गियरबॉक्स बघा. तेल, धूळ, चिखल. आणि प्लग बघा. चांदीच्या पैंजणासारखा चकचकीत. आपोआप निघालेला प्लग इतका स्वच्छ कधी असतो का?"

ताईंचा स्वभावच तो. लबाडी करायची, तीसुद्धा पुसूनबिसून. प्लग काढून तसाच सोडणं त्यांना जमलंच नसतं.

"कधीपासून माहितीय तुम्हाला?" मी विचारलं.

"पहिल्यापासून. या प्लगला एक चाप असतो. तो घट्ट बसवला की प्लग बोटांनी निघत नाही, नखं मोडतात." त्यांनी प्लग बोटांत फिरवला. "म्हणून मी दर वेळी सैल ठेवत होतो."

मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. एकदम दोन्ही. मी टॉर्च खाली केला.

"मग जाताय कशाला?"

"थांबा म्हटलंय कोणी?" त्यांनी प्लग जागेवर बसवला, चाप दाबला. टक्. पाच वेळांत पहिल्यांदा तो आवाज आला. मग पिशवीतून एक काळी प्लास्टिकची पट्टी काढली, एकदा ओढली की कापल्याशिवाय सुटत नाही ती. प्लगभोवती गुंडाळली आणि टोक बोटांत धरून ठेवलं.

"मॅडम," त्यांनी हाक मारली, "ही पट्टी आवळली की प्लग पुन्हा निघायचा नाही. आवळू का?"

सासूबाईंनी तोंड उघडलं. मी मनातल्या मनात हात जोडले. आणि काय सांगू, त्यांनी ते मिटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

मी बॉनेटच्या बाजूने डोकावले. ताई परीक्षेला बसल्यासारख्या ताठ. दोन्ही हात स्टिअरिंगवर. समोर उघडं बॉनेट, त्यामुळे त्यांना मिस्त्री दिसत नव्हते आणि मिस्त्रींना त्या. मी त्यांच्याकडे बघितलं आणि ओठांनीच, आवाज न करता म्हटलं: तोंडाने बोलायचं.

ताईंनी माझ्याकडे रागाने बघितलं. मग समोर.

"आरसा बघितला," त्या म्हणाल्या. आवाज बारीक येत होता, अगदी माझा पहिल्या दिवशी येत होता तसा.

बॉनेटमागे मिस्त्री हलले नाहीत.

"क्लच दाबला." हा जरा मोठा आला. "रिव्हर्स टाकते."

मागचा पांढरा दिवा लागला. पी-पी सुरू झालं, स्वच्छ, खणखणीत. शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं. त्या पी-पीवर मात करायला ताईंना ओरडावंच लागलं, आणि त्या ओरडल्या, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा:

"प्लग मीच काढत होते! तुम्ही जाऊ नका!"