नकाशात नसलेली खिडकी

शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर सहा मजले उठणार, असा कागद नगरपालिकेने आमच्या दाराला चिकटवला. मी तो दोनदा वाचला. मला वाचायला वेळ लागतो, पण वाचलेलं डोक्यातून जात नाही. खाली लिहिलं होतं, पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर हरकत नाही असे समजू.

आमची ही शिवणकाम करते. मशीन त्या प्लॉटकडच्या खिडकीशी आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून काळ्या कापडावरचा काळा दोरा तिला दिव्याखाली दिसत नाही. खिडकी झाकली गेली की तिचं काम संपलं.

"अहो, जा आणि बंद पाडून या ते," ती म्हणाली.

बंद पाडणं मला जड जात होतं. मुलगा आणि सून स्वयंपाकघरात झोपतात, आणि मुलाने त्याच इमारतीतल्या घरासाठी सोडतीचा अर्ज भरला होता.

तरी नगरपालिकेत गेलो. तिथल्या अर्ज-खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "आजोबा, अडवून धरायचे दिवस गेले. राज्याचा नवा कायदा आलाय. नियमात बसणाऱ्या इमारतीला साठ दिवसांत मंजुरी द्यायचीच. आम्ही झोपलो तर ती आपोआप मिळते."

"मग हरकती कशाला मागवता?"

"घेता येते की हरकत. फक्त कोणता नियम मोडला ते लिहायचं."

"उजेड जातो, असं लिहिलं तर?"

"तो नियम नाही हो, ते दुःख झालं." त्या हसल्या, मग ओशाळल्या. "थांबा, नकाशा काढते. थोडा वेळ लागेल."

"हरकत नाही," मी म्हणालो.

"तोंडी म्हणालात ते ठीक. लिहून देऊ नका म्हणजे झालं!"

अक्षरं मी पंचावन्नाव्या वर्षी शिकलो, पण गवंडीकाम चाळीस वर्षं केलंय. नकाशा मला त्याआधीपासून वाचता येतो. त्यात आमच्या घराची भिंत म्हणजे नुसती सरळ जाड रेघ होती.

"इथे खिडकी आहे," मी बोट ठेवलं. "भिंत मीच बांधलीय."

"मंजूर आहे ना ती? का मागाहून फोडलीत?"

"फोडली असती तर इथे येऊन सांगितलं असतं का?"

बाईंनी आमचा जुना नकाशा शोधला. खिडकी होती त्यात. मग नियमांचं पुस्तक उघडलं. कोऱ्या भिंतीसमोर दहा फूट अंतर, खिडकीसमोर वीस. मी नियमाचा आकडा लिहिला आणि त्याखाली एक ओळ. त्या एका ओळीला पाव तास लागला.

महिन्याभरात मंजुरी निघाली. नव्या नकाशात इमारत दहा फूट मागे सरकली होती.

मुलाने कागद वाचला. "प्रत्येक मजल्यावर एक घर कमी झालं, बाबा. सोडतीत सहा घरं कमी."

"तुझा नंबर?"

"लागला तर लागेल. पण आईचं काम बंद पडून मला घर नको होतं." तो कामावर निघून गेला. सून स्वयंपाकघरातलं अंथरूण गुंडाळायला गेली.

हिने मला विचारलं, "वीस फुटांवर सहा मजले. उजेड राहील किती?"

"सकाळचा राहील. दुपारनंतर सावली."

ती म्हणाली, "सकाळी काळं शिवीन, दुपारी पांढरं." आणि कपड्यांचे दोन ढीग करायला बसली.