धागा बांधलेला दोडका

आईच्या दोडक्याच्या तीनच बिया माझ्याजवळ उरल्या होत्या. देगलूरचा तिचा वेल गेल्या वर्षीच्या दुष्काळात वाळला आणि त्यापाठोपाठ आईही गेली. भावानं परस मोडून तिथं दुकान काढलं.

लातूर नवा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, साहेबलोक आले. पाणी तेवढं यायचं राहिलं! तिथल्या आमच्या भाड्याच्या घरामागं सतरंजीएवढी जागा होती. ज्येष्ठात तिथं मेथी टाकली, ती उगवली तशी करपली. टमाट्यांची पानं आक्रसली. मिरची मात्र अशी लागली की आमचे हे म्हणाले, "शिवगंगा, आता भाकरीबी मिरचीचीच कर."

तीन बियांपैकी एक रुजलीच नाही. दुसरीच्या वेलाला मी धुण्याचं पाणी घातलं. पावडरीच्या पाण्यानं तो आठ दिवसांत गेला, माझ्याच हातानं. तिसऱ्याला मग फक्त तांदूळ धुतलेलं आणि ह्यांच्या लिंगपूजेचं उरलेलं पाणी घालू लागले. कळ्या यायच्या आणि गळायच्या. अखेर एक दोडका धरला. मी बियाण्याची खूण म्हणून त्याच्या देठाला लाल धागा बांधला. वेल खालून पिवळा पडत होता, दुसरा दोडका काही यायचा नव्हता. रोज उठल्याबरोबर आधी त्याला बघून यायची. धागा कशासाठी ते सासूबाईंना बोलले नाही. माहेरचं नाव निघालं की त्या हसायच्या, "देगलूरची मातीबी गोडच असंल!"

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी टँकरच्या रांगेतून दोन घागरी घेऊन परतले. आमच्या घराचे गुरू, जंगम महादेवप्पा स्वामी, पाटावर जेवत होते. चुलीजवळ दोडक्याच्या हिरव्या शिरा पडल्या होत्या. मी घागरी तशाच घेऊन परसात गेले. वेलावर नुसता देठ होता.

आत आले तेव्हा सासूबाई, नागम्मा त्यांचं नाव, आनंदात होत्या. "स्वामी अचानक आले, घरात भाजी न्हाई. परसात गेले तर धागा बांधलेला दोडका! म्हणलं, बाई, सुनेनं स्वामीसाठीच राखून ठेवलाय. लई गुणाची हाईस."

ओरडावंसं वाटलं. पण बोलायला हवं होतं तेव्हा मीच बोलले नव्हते.

"लई गोड दोडका," स्वामी म्हणाले. "बी कुठलं?"

"माझ्या आईचं," मी म्हणाले.

सासूबाईंचा हात वाढता वाढता थांबला. त्यांनी एकदा परसाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. स्वामी गेल्यावर पातेल्यात उरलेली शेवटची फोड त्यांनी स्वतः खाल्ली नाही, माझ्या ताटात वाढली. अगदी आईच्या हातची चव होती. फोडीत एक कोवळं, पांढरं बी होतं. ते रुजणारं नव्हतं. मी ते बोटानं बाजूला काढलं, बराच वेळ बघितलं, आणि खाऊन टाकलं.